खोक्यांच्या कारखान्याची उलाढाल

खासगी कंपन्या आपली उलाढाल सांगत नाहीत. बाहेर दिसणाऱ्या पुराव्यांवरून तिचा अंदाज बांधणं हे माझं काम. खोक्यांच्या कारखान्याचा अहवाल मालकांना नजरेखालून घालायला पाठवला आणि त्यांचा थेट फोनच आला. मी मांडीवरच्या लेकीला थोपटत हळू आवाजात बोलू लागले. बाळंतपणानंतरचं पहिलंच काम. हे चुकलं तर पुढचं कोण देणार?

"मॅडम, काहीच्या काही आकडा टाकलाय! आमची विक्री याच्या निम्मीसुद्धा नाही."

"साहेब, प्रत्येक आकड्याखाली पुरावा दिलाय. फाटकातून किती ट्रक भरून जातात, कागद किती येतो, खोक्याचा दर काय. यातलं चुकलेलं दाखवा, लगेच बदलते."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.

"ट्रक बरोबर आहेत," ते पुटपुटले. "कागदही. दरसुद्धा."

"मग विक्री निम्मी कशी?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग बोलले तेव्हा त्यांचा आवाज माझ्याहून हळू होता.

"पोरी, तू आकडा निम्माच कर. आमचा हिशेब जावईबापू बघतात."