खालच्या दांडीचा जोड

पाना हँडलच्या नटावर बसला आणि तिथंच थांबला.

"फिरव की," आई म्हणाली. ती दुकानाच्या दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसली होती. पाठीलाही डोळे असलेली बाई. "नट काय मुहूर्त बघून सैल होणार आहे?"

धाकट्या मिस्त्रिणीनं पाना काढून घेतला. चाळिशी उलटली तरी गिऱ्हाइकं तिला धाकटीच म्हणत. थोरली मिस्त्रीण ती दारातली. हाताला कंप सुटल्यापासून तिनं जोडकामाची गॅसची बत्ती खाली ठेवली होती. जीभ मात्र अजून पेटती होती.

स्टँडला टांगलेली, नुकतीच विकत घेतलेली रेसिंग सायकल जुनी होती, पण उचलली तर पिसासारखी. गिअर, चाकं, ब्रेक, सगळं उत्तम. ते काढून धाकटीच्या लेकीच्या जड सायकलीला चढवलं, तर घाटाच्या शर्यतीत लेक निदान मागं पडणार नाही. अख्खी सायकल दिली, तर जिंकेलही. लेकीनं सरावाला जाता जाता बजावलं होतं, "आई, ती मोडलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. जिंकले तरी नाही."

अडचण एवढीच, की विकणारा खरं बोलणारा निघाला. ही फ्रेम पूर्वी कधीतरी मोडली होती, त्यानं सांगितलं. खालची दांडी, पार दोन तुकडे. जोडली ती याच दुकानात. पण त्यानंही ती दुसऱ्याकडून घेतलेली, त्यामुळे कुणी जोडली ते त्याला ठाऊक नव्हतं. नंतर तिला नवा रंगही चढला होता. रंग खरवडला असता तर जोडात वितळवून भरलेल्या पितळेची पिवळी रेघ दिसली असती. पण रेघेवरून जागा कळते, हात कळत नाही.

आणि प्रश्न हाताचाच होता. जोड आईचा असेल तर लेक तिच्यावर बसेल. आपला स्वतःचा असेल तर सायकल मोडून भाग काढायचे. धाकटीनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्याला कारण होतं. पहिल्या दिवसापासून या दुकानाची रीत एकच. धाकटीनं जोड भरायचा, कानस मारायची, रंग द्यायचा आणि फ्रेम आईपुढे धरायची. आई डोळे मिटून दांडीवरून अंगठा फिरवायची. "सापडला." म्हणजे जोड हाताला लागला, कुठंतरी कसर राहिली. बास. शिव्या नाहीत, शाबासकी नाही. कधी पितळ जास्त होऊन फुगवटा, कधी कमी पडून खळगा, कधी कानस एक हात जादा. आईचा अंगठा एकदाही रिकामा परत आला नव्हता. गिऱ्हाइकं खूश होऊन जात. धाकटी हसून त्यांना निरोप देई आणि मनात म्हणे, सापडला.

तेच जोड तिनं लोकांच्या पोरांना बिनघोर दिले होते. आज स्वतःच्या पोरीची पाळी आली तर हात अडखळला. हे तिचं तिलाच लागलं. पण उताराला जोड सुटला तर सायकलीचे दोन तुकडे होतात आणि माणसाचं काय होतं, ते तिच्यातली आई विचारत होती. मिस्त्रीण नाही.

सकाळपासून तिनं दांडी चाचपली होती. काही हाती लागलं नव्हतं. म्हणजे आईचाच. तरी एकदा तोंडानं ऐकायचं होतं.

"आई, जरा इकडे ये. हात लावून सांग, तुझाच आहे ना?"

"माझा नाही तर काय पाहुण्यांचा?" आई कुरकुरत उठली. तिनं डोळे मिटले. अंगठा वरून खाली गेला, खालून वर आला. मग दांडीच्या पोटाकडून. आई थांबली. अंगठा पुसला. पुन्हा वरपासून सुरुवात. बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला. दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी वाजली.

धाकटीला हसू फुटलं. "नाही ना लागत हाताला? म्हणजे तुझाच. सुटले बाई!"

"माझा नाही," आई म्हणाली.

"असं कसं? तुझे जोड कुणाला लागतात का हाताला?"

"मला लागतात." आईनं डोळे उघडले नाहीत. "माझा प्रत्येक जोड डाव्या अंगाला केसभर दबलेला असतो. जन्मभर झटले, गेलं नाही ते. जगाला कळलं नाही, तुलाही नाही. हा तसा नाही. मी गुडघ्याचं ऑपरेशन करायला तुझ्या दादाकडे राहिले होते ना, तेव्हाचा असणार. तुझा."

धाकटीचं हसू विरलं. त्या दिवसांत किती फ्रेमा आल्या, किती गेल्या, कुठली आठवणार? आईपुढे धरायचं काही नव्हतं, तेव्हा तिनं कामं लक्षातच ठेवली नव्हती.

तिनं पाना उचलला आणि नटावर बसवला.

आईनं तिचं मनगट धरलं. हात थरथरत होता, पकड मात्र शिकंज्याची.

"सोड, आई. माझा आहे म्हटल्यावर मोडायलाच हवी. पोरीला काय सांगायचं ते मी बघते."

"अगं बये, कान कुठं ठेवलेस?" आई म्हणाली. मग ती शर्यत जिंकल्यासारखी ताठ उभी राहिली. "मला सापडला नाही."