झेब्राचं झेड

"खरं नाव नाही, शाळा नाही, पत्ता नाही. ऑनलाइन गेममध्ये तू फक्त झेब्रा. काय?"

"हो गं आई, झेब्रा! किती वेळा तेच तेच!" आठ वर्षांची मेरेल वैतागायची. मार्लूसला मात्र लेकीचं कौतुक वाटायचं. घरात दोघीच, पण पोर शहाणी होती.

मुलांच्या बुटात गुपचूप खाऊ ठेवून जाणारा संत सिंटरक्लास यायच्या रात्री मेरेलने त्याच्या घोड्यासाठी बुटात गाजर ठेवलं. दरवर्षी बूट शेगडीपाशी असायचा, यंदा तिने तो मागच्या दाराबाहेर नेला. "तिथेच ठेवायचा असतो," म्हणाली आणि हटूनच बसली. नसते हट्ट, असं पुटपुटत मार्लूसने ती झोपल्यावर गाजर काढलं आणि नावाच्या पहिल्या अक्षराच्या आकाराचं चॉकलेट बुटात ठेवलं. मेरेलचं एम, एवढंच.

सकाळी पोरगी बूट घेऊन नाचतच स्वयंपाकघरात आली.


"आई, सिंटरक्लासला माझी दोन्ही नावं माहितीयत! हे मेरेलचं एम, आणि हे बघ, झेब्राचं झेड!"