सरांची चौकशी

तत्त्वज्ञानातल्या पीएचडीसाठी माझी एका मोठ्या आणि एका छोट्या अशा दोन विद्यापीठांत निवड झाली होती आणि आज संध्याकाळपर्यंत एकाला होकार, दुसऱ्याला नकार कळवायचा होता. "मुलगी देतानासुद्धा आधी घराणं बघतात, तू तर आयुष्यातली पाच वर्षं देतेयस. त्या मार्गदर्शक सरांची चौकशी कर," आई म्हणाली.

मोठ्या विद्यापीठातल्या सरांच्या हाताखाली कित्येक वर्षं पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीला मी फोन लावला. आईने तो हातातून घेऊन स्पीकर लावला आणि वर सांगूनही टाकलं, "मी हिची आई. मीही ऐकतेय हं."



"सर कसे आहेत?" मी विचारलं.

"देवमाणूस आहेत."

"मग तुमचं काम इतकी वर्षं का रखडलंय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"चूक माझी आहे. मीच कमी पडते," ती पाठ केल्यासारखं म्हणाली.

"विषय काय गं तुझा?" आईने विचारलं.

"खरं बोलण्याचं कर्तव्य."

फोन ठेवला तरी माझ्या मनात पाल चुकचुकत होती. आई मात्र निर्धास्त. "अगं, खरं बोलण्यावर प्रबंध लिहिणारी पोरगी खोटं कशाला बोलेल? आता घोळ घालू नकोस."

मी मोठ्या विद्यापीठाला होकार कळवला. दुसऱ्याला नकारही पाठवून दिला. आणि तिचा मेसेज आला.



"तुमच्याकडे स्पीकर आईंनी लावला होता. माझ्याकडे सरांनी."