केळीच्या रोगाचा तक्ता

"भाऊ, तुम्ही केळीचं बेणं कुणाकडून आणलं?" रोग पडलेल्या बागेच्या मालकाला हे तोंडावर विचारायची पैज मैत्रिणींनी लावली, आणि सावद्याची मंदा अख्खं शिवार विचारत फिरली.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं तक्ता काढला: प्रत्येक रोगट बागेचा एक ठिपका, आणि बेणं जिथून जिथं गेलं तिथवर रेघ. वैतागून तिनं ठिपके कितीदा इकडचे तिकडे केले, तरी सगळ्या रेघा एकाच ठिपक्यातून निघत.

"आपला ठिपका खोडून टाक वं माय," आबा अजिजीनं म्हणाले. "फुकट बेणं वाटलं मी. आता सोयऱ्यांत तोंड कसं दाखवू?"



"आबा, तक्ता उद्या असाच लागेल. आणि आत्याकडे निघालेली बेण्याची गाडी मी आत्ताच रिकामी करतेय!"