श्वासाच्या खुणा

"काय खोडतेस गं?"

सरांच्या पत्नी, काकू, दारातच थबकल्या. सरांना जाऊन महिना झाला होता. विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीतलं सामान न्यायला त्या आल्या होत्या. खुर्चीत सरांची जुनी विद्यार्थिनी बसली होती. सोमवारपासून त्यांच्या जागी क्लॅरिनेट तीच शिकवणार होती. पुढ्यात सरांची सुरावटींची वही, हातात खोडरबर.

"श्वासाच्या खुणा, काकू." तिनं वही वळवून दाखवली. ओळींच्या वर पेन्सिलीचे बारीक स्वल्पविराम. "एका दमात कुठवर वाजवायचं, कुठे श्वास घ्यायचा, ते. सर वर्गात मुलांबरोबर वाजवायचे ना, तेव्हाच्या, त्यांच्या स्वतःच्या. परीक्षा संपल्या की दरवर्षी सगळ्या खोडायचे. जूनमध्ये पहिल्यापासून नव्या. म्हणायचे, मागल्या वर्षीच्या श्वासावर यंदाचं वाजवू नये."

"किती वर्षं?"

"एकतीस. यंदाच्या तेवढ्या राहिल्या."

काकू शेजारी टेकल्या. घरात सरांच्या हातचं काही लिहिलेलं नव्हतं. वाणसामानाची यादीसुद्धा ते तोंडी सांगत, आणि निम्मी विसरत.

"तुम्ही घेऊन जा ही," विद्यार्थिनी हळूच म्हणाली. "विभागात मी सांगते, वही हरवली म्हणून."

"सांगशील, आणि लगेच पकडली जाशील. खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात, घरी हसायचे ते त्यावर." काकूंनी हात पुढे केला. "आण इकडे. त्यांचा नेम आहे तो. आपण कशाला मोडायचा?"

काकूंना सुरावट वाचता येत नव्हती. खुणा मात्र दिसत होत्या. प्रत्येक खुणेपाशी त्या थांबत, श्वास घेत, मग ती खोडत. पहिल्या पानांवर दोन-दोन ओळींनी एखादी होती. अर्ध्या वहीनंतर प्रत्येक ओळीवर आली. मग एकेका ओळीत दोन, तीन. कोपऱ्यात तारीख होती. जानेवारी.

"इथून एवढ्या दाट का गं?"

"पुढच्या रचना अवघड आहेत, काकू."

काकूंनी तिच्या कानांकडे पाहिलं.

"मला म्हणायचे, जिना चढून आलो, म्हणून दम लागला," त्या म्हणाल्या.

विद्यार्थिनीनं मान खाली घातली. "घरी बोलायचं नाही, असं बजावलं होतं त्यांनी."

वहीवरचा खोडरबराचा चुरा काकूंनी तळहातानं बाजूला केला आणि पान उलटलं. आता दर चार सुरांवर खूण होती. पुढे दर दोन सुरांवर. त्यांनी एकही वगळली नाही. थांबायचं, श्वास घ्यायचा, खोडायचं.

शेवटच्या पानाशी पोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती.