तिसरं कडवं

डावरा गुडघ्यावर बसला. समोर खुर्चीत त्याची मुलगी सलोमे, अंगात गुलाबी घेरदार झगा, डोक्यावर मुकुट. पंधराव्या वाढदिवसाच्या रीतीप्रमाणे त्याने तिच्या पायातले सपाट बूट काढले आणि उंच टाचांचे चढवले. पोर पंधरा वर्षांची झाली, आता बाईमाणूस झाली. गच्चीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. डावऱ्याने डोळे पुसले, तेही त्याच हाताने, ज्याच्यामुळे टेकडीवरची अख्खी वस्ती त्याला डावरा म्हणायची.

"आता तू," मौरो येइदरच्या कानाशी लागला. येइदरचे कार्यक्रम ठरवणारा माणूस हाच. "थोडं गायचं, पोरीबरोबर फोटो काढायचा, की निघायचं. आणि ते गाणं नाही. कळलं?"

"कळलं."

"पुढच्या महिन्यात मायामीला चाललायस, गड्या. आजचा दिवस काढ फक्त."

येइदर वीस वर्षांचा. गेल्या वर्षीपर्यंत तो मेदेयीन शहराच्या बसमध्ये चढून गायचा, उतरताना पैशांसाठी टोपी फिरवायचा. आता त्याचं एक गाणं पार राजधानीत, बोगोतापर्यंत रेडिओवर वाजत होतं. गाणं भावावरचं होतं, दुवानवरचं. त्याला टेकडीच्या खालच्या जिन्यावर भरदिवसा गोळ्या घातल्या होत्या. कोणी घातल्या ते टेकडीवर सगळ्यांना ठाऊक होतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा कुणालाच नव्हतं.

गायला ये म्हणून डावऱ्याचा निरोप आला तेव्हा येइदर नाहीच म्हणणार होता. पण आई अजून याच टेकडीवर राहत होती, आणि काही केल्या घर सोडायला तयार नव्हती. "माझं एक लेकरू इथल्या मातीत आहे," ती म्हणायची. "त्याला टाकून मी कुठे येऊ?"

तो गायला. प्रेमाची गाणी गायली, नाचाची गायली. पोरी किंचाळत होत्या. खालच्या गच्च्यांवरही लोक ठेका धरून नाचायला लागले. शेवटी त्याने वाकून सगळ्यांना नमस्कार केला, तशी सलोमेने झगा सावरत त्याचा हातच धरला.

"असं कसं? दुवानचं म्हण ना!"

मैत्रिणींनी लावून धरलं. "दुवान! दुवान!"

त्या गच्चीवर ते नाव असं ओरडलं जाताना ऐकून येइदरने मौरोकडे पाहिलं.

"अगं बाळ, घसा बसलाय त्याचा," मौरो मध्ये पडला.

"पप्पा, तुम्ही सांगा ना त्याला!"

डावरा खुर्चीत रेलून बसला होता, हातात दारूचा पेला. त्याने येइदरकडे सावकाश पाहिलं.

"गा की. पोरीचा दिवस आहे. मीही कधी नीट ऐकलेलं नाही ते."

येइदर गायला लागला. पहिल्या कडव्यात दोन भाऊ आणि दोघांत एकच बुटांचा जोड. सकाळच्या शाळेला एक जायचा, दुपारच्या शाळेला दुसरा. दुसऱ्या कडव्यात आई जेवायला हाका मारते. तिसरं कडवं आलं आणि त्याने माइक खाली घेतला. नुसतं संगीत वाजू दिलं. मौरोने सुटकेचा निःश्वास टाकला.

पण ती रिकामी जागा मुलींनी भरून काढली. सगळ्यांना पाठ होतं.

*जिन्यावर सांडला माझा भाऊ,*
*विचारा त्या डाव्या हाताला!*

सर्वांत मोठा आवाज सलोमेचा. डोळे मिटलेले, हात छातीवर.

मोठ्या माणसांच्या टाळ्या एकेक करून थांबल्या. एका बाईने आपल्या मुलीचा दंड घट्ट धरला. मुलगी वेदनेने वळून बघायला लागली, पण बाईने काही सोडलं नाही. संगीत संपलं. डावऱ्याने पेला खाली ठेवला.

"वा," तो म्हणाला. "तोंडपाठ आहे की पोरींना."

सलोमेला धाप लागली होती. "या गाण्यावर मी किती रडलेय, काय सांगू! खरंच होता का रे दुवान? शाळेत म्हणतात, तुझा सख्खा भाऊ होता."

मौरो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. डावरा हसत होता, पण डोळे हसत नव्हते.

"सांग की बाबा," तो म्हणाला. "मलाही ऐकायचंय."

माइक येइदरच्या हातात होता, हनुवटीशी. चालूच होता.

"नाही," तो म्हणाला. "असा कोणी नव्हता. गाण्यात एखादं नाव लागतं, म्हणून घातलं."

शब्द स्पीकरमधून बाहेर पडले आणि पत्र्यांवरून, जिन्यांवरून, साऱ्या उतारावरून खाली गेले.

"हुश्श!" सलोमे म्हणाली. "खरं असतं तर मला झोपच लागली नसती."

डावरा उठला. जवळ येऊन त्याने येइदरच्या गालावर हलकेच थोपटलं. "शहाणा आहेस. केक खाऊन जा."

पोरी केककडे पळाल्या. येइदर कठड्यापाशी गेला आणि त्याने खाली पाहिलं. घरांच्या काही रांगा सोडून, विटांच्या एका गच्चीवर, आई दोरीवरचे कपडे काढत होती. तिचा हात दोरीवरच थांबला होता. तिने वर पाहिलं नाही. मग उरलेले कपडे ओढून काढले, घडी न घालताच उराशी धरले, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.