सात सीटांची गाडी

आमची सात सीटांची भारी गाडी बोटीने इथे बेटावर, अपियाच्या बंदरात यायला आठ महिने लागले. तोवर दर रविवारी शेजारची मालिया आपली खटारा पिकअप दारापुढे थांबवून विचारायची, "काय गं लागी, आली का स्वारी?" पाच पोरं आणि आम्ही दोघं, बरोब्बर सात. चर्चपुढे हिच्या नाकावर टिच्चून उतरायचं, एवढंच मी मनात धरलं होतं.

शनिवारी गाडी बंदरात उतरली. नवरा ती तिथूनच आशीर्वादासाठी पाळकसाहेबांकडे घेऊन गेला आणि घरी चालत आला.

"गाडी कुठंय?"

"त्यांच्याच अंगणात ठेवली. उद्याची पहिली फेरी पाळकसाहेब आणि पाळकबाईंची. आत्याचे गुडघे दुखतात, तीही येतेय. मग गायनमंडळातल्या तिघी म्हणाल्या, आम्हालाही न्या. नाही कसं म्हणणार?"

"आणि मी? पोरं?"

"चर्च काय लांब आहे का?"

जुनी गाडी तर त्याने गेल्याच आठवड्यात भावाला देऊन टाकली होती.

रविवारी पांढरेशुभ्र कपडे घालून मी पाच पोरांसह उन्हातून चालत निघाले. नवी गाडी हॉर्न वाजवत, धूळ उडवत शेजारून गेली. मागोमाग येणारी मालियाची पिकअप थांबली.

 

"चढा मागे. बघितलंस, पाळकसाहेबांनीसुद्धा नवी गाडी घेतली. तुझ्या नवऱ्याला ड्रायव्हर ठेवलेलं दिसतंय. तुमची कधी येतेय गं?"